जुनी रिंगरवाली वॉशिंग मशीन: नागपुरात कोणाकडे आहे, कोण वापरतं?

महालकर:
नमस्कार मंडळी. आपल्या नागपुरात जुने रेडिओ, ग्रामोफोन, जुन्या लुना-लॅम्ब्रेटा जपणारे भरपूर आहेत, पण रिंगरवाली वॉशिंग मशीन जपणारा क्वचितच भेटतो, आणि भेटला तरी मशीन हॉलच्या कोपऱ्यात, वर मनीप्लांटची कुंडी, आत जुने पेपर. मला याचं खरंच वाईट वाटतं. ही मशीन शोभेची नाही. ती चालवली तरच टिकते, आणि चालवली तर आजही कपडे असे काढते की बघत राहावं. म्हणून हा धागा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहा, ज्यांना घ्यायची आहे त्यांनी विचारा.

ज्यांनी कधी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी: खाली टब, टबाच्या मधोमध पाती असलेला ॲजिटेटर, तो पूर्ण गोल फिरत नाही, थोडा इकडे थोडा तिकडे असा झटके देत राहतो. टबाच्या कडेला एका खांबावर दोन रबरी रोलर एकावर एक, रसवंतीतल्या चरकासारखे, हाच रिंगर, त्यातून ओला कपडा घातला की साबणाचं पाणी परत टबात पडतं आणि कपडा पलीकडे चपटा होऊन निघतो. टायमर नाही, वॉटर लेव्हल सेन्सर नाही, पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड नाही. उंदराने वायर कुरतडली तर दहा मिनिटांत नवी टाकता येते.

माझ्याकडे दोन आहेत. एक हूवर, ब्रिटिश. हूवरने वेल्समधल्या मर्थर टिडफिलला १९४८ साली वॉशिंग मशीनचा कारखाना काढला, तिथली ही सुरुवातीची मशीन. पांढरी, चौकोनी, रिंगर हाताने फिरवायचा, आणि मधे ॲजिटेटर नाही तर टबाच्या एका भिंतीत जोरात फिरणारी चकती. ती इतकी जोरात पाणी घुसळते की साधे सुती कपडे तीन-चार मिनिटांतच निघतात, जास्त ठेवले तर वेटोळे होऊन बसतात. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या आऊटहाऊसमध्ये होती, कबाडी तोडून नेणारच होता.

दुसरी मेटॅग, अमेरिकन, चौकोनी ॲल्युमिनियमच्या टबाची. परदेशातून परत आलेल्या एका कुटुंबाने घरच्या सामानासोबत जहाजाने आणलेली. ही माझी खरी लाडकी. मेटॅग ही मूळची आयोवातल्या न्यूटन गावची शेतीची अवजारं बनवणारी कंपनी, १८९३ची, १९०७ला त्यांनी कपडे धुवायची मशीन काढली आणि १९२२ला ॲजिटेटर टबाच्या तळाशी बसवला. त्याआधीच्या बऱ्याच मशिनी कपड्यालाच ओढायच्या, आपटायच्या, इथे पाती पाणी ढकलतात आणि पाणी कपड्यातून जातं. म्हणून जुनी धोतरं, मलमलचे पडदेसुद्धा फाटत नाहीत, मी स्वतः काढतो.

आता वापरायचं कसं, कारण नव्वद टक्के लोक इथेच अडतात. एकदा गरम पाणी आणि साबण टबात भरला की तेच पाणी तीन-चार घाण्यांना चालवायचं. आधी पांढरे, मग फिके रंगीत, मग गडद, सगळ्यात शेवटी पायपुसणी आणि गॅरेजचे कपडे. शेजारी दोन टब साध्या पाण्याचे. रिंगर खांबावर फिरतो आणि लॉक होतो, म्हणजे पहिल्यांदा मशीनमधून पहिल्या टबात, मग रिंगर फिरवून पहिल्यातून दुसऱ्यात, मग दुसऱ्यातून बादलीत. दुसऱ्या टबात पांढऱ्यांसाठी नीळ. प्रत्येक वेळी कपडा पिळून पुढे जातो त्यामुळे साबण मागेच राहतो आणि खळबळायचं पाणी बराच वेळ स्वच्छ राहतं. माझ्या मेटॅगमध्ये चारेक मोठ्या बादल्या पाणी बसतं आणि त्यावर अख्ख्या घराचे आठवड्याचे कपडे निघतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रोलरवर नवीन रबर नागपुरात कोण चढवून देतं? आणि शहरात अजून कोणाकडे चालू मशीन आहे?

संत्राबर्फी:
दादा मस्त धागा. पण एक शंका, नागपूरच्या मे महिन्यात दोरीवर टाकलेली चादर तासाभरात खडखडीत होते, मग रिंगर पाहिजे कशाला?

महालकर:
@संत्राबर्फी उन्हाळ्यात वाळवायला नकोच. पण वर लिहिलं ना, रिंगरचं अर्धं काम साबण काढायचं आहे, वाळवणं नंतरचं. आणि जुलै-ऑगस्ट आठवा, चार-चार दिवस झड लागते, जीन्सला कुबट वास येतो, तेव्हा रिंगरमधून दोनदा काढलेली जीन्स पंख्याखाली रात्रीतून वाळते.

वाइंडिंग_मास्तर:
महालकर भाऊ, मी मोटर वाइंडिंगच्या धंद्यातला माणूस, कूलरच्या सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसते पण हा धागा पाहून रायवलं नाही. तुमची हूवर ठीक आहे, तिकडेही ५० हर्ट्झ आणि आपल्या जवळपासचंच व्होल्टेज. पण अमेरिकन मशीन लोकं बिनधास्त स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या) लावून देतात आणि मग मोटर जळली म्हणून घेऊन येतात, त्यांच्यासाठी सांगून राहिलो.

ती मोटर ११५ व्होल्ट ६० हर्ट्झची. आपल्याकडे ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलते, फ्रिक्वेन्सी नाही बदलत. ५० हर्ट्झवर तेवढंच ११५ दिलं तर मोटरच्या लोखंडात चुंबकीय फ्लक्स वीस टक्के जास्त होते, करंट जास्त ओढते, मोटर तापते. म्हणून व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायचं, ११५ ला ६० नं भागून ५० नं गुणा, ९६ येते. ट्रान्सफॉर्मर बनवून घेतानाच ९५-१०० व्होल्टचा टॅप, म्हणजे तेवढ्या व्होल्टेजची वायर, काढून घ्या, स्टॅबिलायझर बनवणारा कोणीही काढून देईल. आणि साइज लहान घेऊ नका, एक तृतीयांश एचपीची मोटर चालताना काही नाही पण सुरू होताना भसकन करंट घेते, दीड केव्हीए तरी ठेवा.

दुसरी गोष्ट, १७२५ आरपीएमची मोटर इथे १४४० च्या आसपास फिरते. म्हणजे ॲजिटेटर सहाव्या हिश्श्यानं हळू. मोटरची पुली त्याच हिशोबानं मोठी केली, दोन इंचाची होती तर दोन पूर्णांक चार, तर स्पीड परत येते, पण मग मोटरवर लोडही वाढते. मी तर म्हणतो हळूच चालू द्या, कपडे निघतातच.

माझं खरं मत विचाराल तर जुनी मोटर काढून कपाटात ठेवा आणि आपल्याकडची २३० व्होल्ट १४४० आरपीएमची मोटर बसवा. ट्रान्सफॉर्मरची कटकटच नाही.

जुनंच_बरं:
मास्तर, बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. मोटर बदलली की त्या मशीनचं अर्धं अंगच गेलं. तो मूळ आवाज, सुरू होताना सेंट्रिफ्युगल स्विचची टक, मोटरच्या पाटीवरचा नंबर, हे सगळं मिळूनच ती मशीन आहे. मी घड्याळं जमवतो, त्यात कोणी आतली मशिनरी काढून क्वार्ट्झ टाकलं तर आम्ही त्याला घड्याळ म्हणत नाही. आणि आज कपाटात ठेवलेली मोटर पुढच्या पिढीत कबाड्याकडेच जाणार, कारण ती कशाची आहे हेच कोणाला माहीत नसेल.

वाइंडिंग_मास्तर:
@जुनंच_बरं भाऊ तुमची भावना समजते मला. पण घड्याळ हातात शॉक नाही देत. ही मशीन पाण्यात उभी राहते, बाईमाणूस ओल्या पायानं चालवते. सत्तर वर्षांचं इन्सुलेशन आहे, कापडी वायर हात लावला की भुगा होते. मूळ मोटर ठेवायची असेल तर ठेवा पण ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघा, बॉडी आणि वाइंडिंगमध्ये रीडिंग चांगलं नसलं तर रिवाइंड करून घ्या, रिवाइंड केली तरी मोटर तीच राहते ना. रिवाइंड करताना २३० वरच गुंडाळता येते, बाहेरून एक नट बदलत नाही. हा मधला मार्ग बघा पटते का.

आणि कोणतीही मशीन असो, दोन पिनचा जुना प्लग कापून तीन पिनचा लावा, अर्थिंगची वायर मोटरच्या बॉडीला आणि टबाच्या फ्रेमला दोन्हीकडे घट्ट करा, बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी टाका, करंट गळला की लगेच लाइन तोडते ते. हे केल्याशिवाय टबात पाणीच भरू नका.

जुनंच_बरं:
२३० वर रिवाइंड करणं हे डोक्यातच आलं नव्हतं. पटलं. पाटी तशीच ठेवून आतून एक चिठ्ठी चिकटवायची की अमुक साली अमुक व्होल्टेजवर गुंडाळली, म्हणजे पुढच्या माणसाने ११५ वर लावायला नको.

सुईदोरा:
मी गोकुळपेठेत राहते, माझ्या सासरी हाताने फिरवायचा सुटा रिंगर आहे, लाकडी चौकटीचा, टबाच्या काठाला स्क्रूने बसतो. सासूबाई अजून नऊवारी नेसतात आणि नऊवारी हाताने पिळणं म्हणजे मनगटाची वाट, म्हणून आम्ही तो रोज वापरतो. इथे सगळे मोटरवरच बोलताहेत, कपड्यांचं कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

नऊवारी आधी लांबीत चार पदरी घडी करायची, मग टोकाकडून घालायची, घडी नीट असेल तर ती आपणहून सरळ जाते. चुरगळून घातली की एका बाजूला गोळा होतो, रोलर तिरके दबतात आणि काठाची जर निघते. शर्टाची बटणं आतल्या बाजूला दुमडून, बटण उभं आलं की तुटलंच समजा, आणि तुटलेलं प्लॅस्टिकचं बटण रबरात रुततं ते वेगळं. चेन बंद करून. ब्लाऊजचे हुक लावून, आत घडी घालून. उशीच्या अभ्र्याचं बंद टोक आधी घालायचं, उघडं टोक मागे, नाहीतर आत हवा आणि पाणी अडकून फुगतो आणि फट्कन फवारा तोंडावर. गोधडी घालायचीच असेल तर वरचा दाबाचा स्क्रू बराच ढिला करा, एक बाई घालायला आणि एक पलीकडे ओढून घ्यायला.

आणि बायकांनो, पदर कमरेला पक्का खोचून, ओढणी काढून ठेवून, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, केस बांधून. हातातल्या काचेच्या बांगड्या काढून. हे मोटरवाल्या रिंगरसाठी तर शंभर वेळा सांगीन. आमच्या हाताच्या रिंगरला आपण थांबलो की तो थांबतो, मोटरवाला थांबत नाही.

डॉ_वऱ्हाडी:
सुईदोरा ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. मी हाडांचा डॉक्टर. मोटरच्या रिंगरने हात ओढला जाणं ही अमेरिकेत एके काळी इतकी नेहमीची गोष्ट होती की आमच्या पुस्तकांत ‘रिंगर इंज्युरी’ म्हणून वेगळं वर्णन आहे, आणि त्यात लहान मुलं जास्त. बोट सापडतं, माणूस घाबरून हात मागे ओढतो, रोलर पुढे ओढत राहतो, आणि कोपराशी किंवा काखेशी हात अडकला की रोलर तिथेच घासत राहतो. हाड बहुतेक वेळा मोडत नाही. म्हणूनच धोका. एक्स-रे साफ, कातडी थोडी सोललेली, लोक हळद लावून घरी बसतात. आत मात्र स्नायू चेंगरलेले असतात, काही तासांनी सूज वाढते, सूज वाढली की आतला दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडू शकतो. बोटं बधिर होणं, बोट सरळ केलं की असह्य कळ येणं, हात टणक लागणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

महालकर, तुमच्या मेटॅगच्या रिंगरवर सेफ्टी रिलीज आहे ना? वरचा दांडा किंवा पट्टी ठोकली की वरचा रोलर उडून मोकळा होतो ती? ती दर वेळी धुवायच्या आधी एकदा ठोकून बघत जा. गंजून बसलेली रिलीज असेल तर रिंगर चालवूच नका. आणि घरात लहान मूल असताना प्लग काढल्याशिवाय मशीनपासून हलू नका.

महालकर:
@डॉ_वऱ्हाडी आहे डॉक्टर, आणि ती पहिल्या दिवसापासून मोकळी आहे. नंतरच्या काळातल्या काही रिंगरमध्ये आपण कपडा मागे ओढला की रोलर आपोआप सुटतात, तशी सोयही होती, माझ्यात नाही. म्हणून मी कपडा बोटांनी ढकलत नाही, टोक रोलरला लागलं की हात सोडून देतो, आणि जाड सीम असेल तर लाकडी पट्टीने ढकलतो. तुमची पोस्ट मी पहिल्या पानावर चिकटवायची विनंती ॲडमिनला करतो.

इतवारी_ते_ओहायो:
मूळचा इतवारीतला, सध्या ओहायोत. इथे आमिश लोकांच्या (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) वस्तीत रिंगर मशिनी आजही रोजच्या वापरात आहेत, सोमवारी सकाळी गावातून गाडी काढली की प्रत्येक अंगणात दोरीवर कपड्यांच्या लांबच लांब रांगा. ते बाहेरची वीज घेत नाहीत म्हणून मशीन छोट्या पेट्रोल इंजिनवर किंवा दाबाच्या हवेवर चालवतात. यात नवीन काही नाही, मेटॅगनेच पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ज्या शेतघरांत वीज पोचली नव्हती त्यांच्यासाठी पेट्रोल इंजिनवाली मशीन काढली होती, पायाने किक मारून सुरू करायची, धुराचा पाइप खिडकीतून बाहेर. त्या इंजिनांचे जमवणारे इथे वेगळेच आहेत.

मेटॅगने रिंगर मशीन बनवणं १९८३ ला थांबवलं, म्हणजे तुम्हाला वाटतं तितकी ही प्राचीन गोष्ट नाही. पुढे २००६ ला कंपनी व्हर्लपूलने घेतली. पण आमिश गिऱ्हाईक असल्यामुळे रोलर, बेल्ट, सील असा माल इथे अजून मिळतो. किड्रन नावाच्या गावात लेहमन्स म्हणून मोठं दुकान आहे, सगळं बिनविजेच्या घरांसाठीचं सामान, तिथे एकदा गेलं की अर्धा दिवस जातो. दिवाळीला येतोय, कोणाला लहान सामान हवं असेल तर नेमका मॉडेल नंबर आणि मापं पाठवा. अख्खा रोलर बॅगेत बसेल, गिअरबॉक्स नाही.

कामठी_लाइन:
माझ्याकडे एक मेटॅगच आहे, गोल टबाची, कामठीला आजोबांच्या घरी. चालू नाही. दोन प्रॉब्लेम. एक, वरचा रोलर एका जागी सपाट झालाय, फिरताना धबधब करतो. दोन, ॲजिटेटर दांड्यावर असा बसलाय की हलत नाही, दोघांनी मिळून ओढून बघितला. काकांनी हातोडा घ्यायचं सुचवलंय. आणि रबराबद्दल, भंडारा-गोंदियाकडे इतक्या राइस मिल आहेत, धान सोलायला रबरी रोलर लागतातच, तिथून रबर चढवून मिळेल का?

महालकर:
@कामठी_लाइन हातोडा अजिबात नको भाऊ, ॲजिटेटरला तडा गेला की संपलं. वर टोपी असेल तर काढा, टब रिकामा करा, ॲजिटेटरच्या मधल्या नळीवर उकळतं पाणी हळूहळू ओतत राहा, बाहेरचं कवच आधी तापून फुगतं, आतला दांडा मागून. ते तापलेलं असतानाच दोन्ही बाजूंनी सारख्या ताकदीने सरळ वर ओढा, वाकडं नाही. एका वेळी नाही निघाला तर थंड होऊ द्या, दांड्याच्या फटीत थोडं गंज सोडवणारं तेल सोडा, दुसऱ्या दिवशी परत. वेळ लागतो पण निघतो. निघाल्यावर दांडा पुसून ग्रीसचा पातळ हात द्या आणि पुढे प्रत्येक धुण्यानंतर ॲजिटेटर काढून उलटा वाळत घालायचा. बंद पडून असलेल्या मशिनी इथेच मरतात.

रोलर सपाट होण्याचं कारण एकच, दाबाचा स्क्रू आवळलेला ठेवून मशीन वर्षानुवर्षं उभी राहिली. काम झालं की दाब सोडायचा, रोलरमधे कपडा अडकवून ठेवायचा नाही. आणि नागपूरचं ऊन रबराला फार वाईट, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेले रोलर दोन उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतात. बोरिंगचं पाणी वापरत असाल तर त्यातल्या क्षारांचा आणि साबणाचा पांढरा चिकट थर रोलरवर बसतो, तो दर वेळी साध्या ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल, रॉकेल, खोबरेल, काही लावू नका.

राइस मिलच्या रोलरचं मात्र डोक्यातून काढा. ते रबर फार कडक, शोअर (रबराच्या कडकपणाचं माप) ८५-९० च्या घरातलं, त्याला धानाचं टरफल काढायचं असतं. आपल्याला बटणाच्या जागी दबणारं मऊ रबर हवं, छापखान्याच्या शाईच्या रोलरसारखं.

वाइंडिंग_मास्तर:
हिंगणा एमआयडीसीत इंडस्ट्रियल रोलरवर रबर चढवणारे आहेत, प्रिंटिंगवाल्यांचंही काम घेतात. फक्त एक-दोन नगासाठी ते लवकर हो म्हणत नाहीत. चार-सहा रोलर एकत्र नेले तर काम होऊन जाईन. आणि गिअरबॉक्स उघडला तर तेल टाकताना बघा, आत ब्राँझचं गिअर असलं तर बाजारात मिळते ते जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल टाकू नका, त्यातलं केमिकल ब्राँझला खाते.

सुईदोरा:
मग आमचे दोन धरा त्यात. खालचा ठीक आहे पण वरच्याला बारीक चिरा पडल्यात.

कामठी_लाइन:
माझा एक, म्हणजे दोन्हीच करून घेऊ. उकळत्या पाण्याचा प्रयोग या रविवारी करतो आणि सांगतो. रोलर काढताना मापं कोणती घ्यायची?

महालकर:
कामठीचे दोन, सुईदोरा ताईंचे दोन, माझ्या मेटॅगचे दोन, सहा झाले. मापं अशी घ्या: नुसत्या रबराची लांबी, लोखंडी दांड्याची पूर्ण लांबी, दोन्ही टोकांचा दांड्याचा व्यास (दोन्हीकडे सारखा नसतो, एका बाजूला गिअर बसतो), आणि रबराचा व्यास मधे न मोजता टोकाजवळ, जिथे झिज कमी असते. व्हर्नियरने मोजा, टेपने नको. एक रोलर मऊ आणि दुसरा त्याहून कडक असतो, दोन्हींवर वर-खाली असं पेंटने लिहून ठेवा, नाहीतर कारखान्यात दोन्ही एकाच रबराचे करून देतील. जुनं रबर स्वतः कापून काढू नका, कारखानेवाल्यांना ते नमुना म्हणून लागेल. @इतवारी_ते_ओहायो तुम्ही सध्या फक्त टबाच्या मधल्या दांड्याचं सील बघा, माझा मॉडेल नंबर आणि फोटो आज रात्री मेसेज करतो.